कडूकाकांची शकू

कडूकाकांच्या घरी पुस्तक मागायला गेलं की आधी हात धुवावे लागतात. नुसते भिजवून चालत नाहीत. साबणानं, कोपरापर्यंत. काका स्वतः नळाशी उभे राहून बघतात. मग तळवे वर, तळवे खाली, मग नखं. नखं वाढलेली असली तर खिळ्याला दोरीनं बांधलेलं नेलकटर पुढे करतात. हे सगळं पार पडलं की शेवटचा प्रश्न, "वय काय?" उत्तर पंचविशीच्या वरचं आलं की धुतलेले हात वाया गेले. "तुमच्यासाठी नाय ती. तुमी पेपर वाचा."

मी या सगळ्यातून गेलेली आहे. कोपरापर्यंत हात धुवून, वय अठ्ठेचाळीस असं खरं सांगून, ओल्या हातांनी घरी परत आलेली आहे.

खोपोलीत शिळफाट्याच्या मागच्या अंगाला आमची बैठ्या घरांची ओळ आहे. एका कारखान्यानं कामगारांसाठी बांधलेली. कारखाना केव्हाच बंद झाला, जुने लोक गावी गेले किंवा मुलांकडे गेले, आणि घरं आमच्यासारख्या भाडेकरूंनी भरली. जुन्यांपैकी उरले एकटे गोविंद कडू. वय बहात्तर. आडनाव कडू असलेली पुष्कळ गोड माणसं मला माहीत आहेत. हे तसे नव्हेत.

फिटर म्हणून त्यांनी सगळी नोकरी केली. शर्टाच्या खिशात अजून लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर असतो. कुठल्याही चालू यंत्राला त्याचं टोक लावायचं आणि मुठीकडची बाजू कानाला लावून डोळे मिटायचे, ही त्यांची सवय. ओळीतल्या प्रत्येक मिक्सरचं, पंख्याचं, स्कूटरचं त्यांनी असं ऐकून ठेवलेलं आहे. माझ्या फ्रिजला एकदा स्क्रूड्रायव्हर लावला आणि डॉक्टर नातेवाइकांशी बोलतात त्या आवाजात म्हणाले, "बाई, ह्याचं काय खरं नाय. आइस्क्रीम आणू नका." फ्रिज चौथ्या दिवशी गेला. तेव्हापासून ते घरात आले की मी आधी टीव्ही बंद करते. एका वेळी एकच वाईट बातमी पुरे.

आणि एक गोष्ट. त्यांच्यासमोर कुणी कुणाला "घाबरू नको" म्हटलेलं त्यांना चालत नाही. ओळीत पोरांना लस द्यायला नर्स आली होती. एक चार वर्षांचं पोर भोकाड पसरून रडत होतं आणि ती बिचारी गोड आवाजात "घाबरायचं नाही हं" म्हणत होती. काका तीन घरं ओलांडून आले आणि तिच्यावर ओरडले, "त्याला भ्या वाटतंय, तर वाटू दे की! तुला काय त्रास हाय?" नर्स घाबरली. पोर मात्र रडायचं थांबलं आणि काकांकडे बघत राहिलं.

तर ती पुस्तकं. पुस्तकं कसली, पातळ चित्रकथा. चाळीसेक वर्षांपूर्वीच्या असाव्यात. लाल आणि काळी अशा दोनच शाईत छापलेल्या, आणि लाल शाई नेहमी चित्राच्या जरा बाहेर सांडलेली. एकूण तेवीस. काकांनी सगळ्यांना खाकी कव्हरं घातलीत. कुठून आणली असं विचारलं की म्हणायचे, "रद्दीत घेतली." सगळ्यांची नायिका एकच, शकू. वय सोळा, दोन वेण्या, शाळेचा गणवेश, एका चपलेच्या पट्ट्याला सेफ्टी पिन. शकू उडत नाही, मारामारी करत नाही, तिच्याकडे जादूची अंगठीही नाही. तिच्या गावात काहीतरी चुकीचं चाललेलं असतं आणि ते तिच्या नजरेला पडतं, एवढंच. विहिरीत कुणी घाण सोडत असतो, कुणी शिक्षक पोरांना नको तिथं मारत असतो. आणि दर वेळी एक पान येतं, ज्यावर शकूला त्या माणसासमोर उभं राहून बोलायचं असतं. त्या पानावर चित्रकारानं तिच्या गुडघ्यांपाशी तीन-तीन वाकड्या रेघा काढलेल्या असतात. म्हणजे गुडघे लटपटतायत.

पुस्तक परत आणणाऱ्याला काका एकच प्रश्न विचारतात, "गुडघे कुठल्या पानावर?" बरोबर उत्तर आलं तर पुढचं पुस्तक. चुकलं तर तेच पुन्हा वाचायचं.

मला हे सगळं इतकं तपशिलात माहीत असण्याचं कारण सांगायला थोडी लाज वाटते. मी इथल्या एका शाळेत मराठी शिकवते. आमच्या वाचनालयात चारशे नवी गोष्टींची पुस्तकं आहेत, गुळगुळीत कागदाची, आणि ती उघडलीच जात नाहीत म्हणून गुळगुळीत राहिलेली. इकडे कडूकाकांच्या दाराशी रविवारी सकाळी दहा-बारा चपलांचे जोड. आत पोरंपोरी भिंतीला टेकून शकू वाचतायत. माझेच विद्यार्थी. मोबाइल खिशात घालून. मला मत्सर वाटला, आणि मी एकेकाला गाठून सगळं विचारून घेतलं.

शाळेच्या वार्षिकांकासाठी मी त्यावर लेखच लिहायला घेतला. आजच्या मुलांना ही जुनी शकू का आवडते? मी लिहिलं, साधी रेषा, निर्मळ भाषा, हरवलेल्या गावाची ओढ. चार पानं झाली. ती मी बारावीतल्या ऋतुजा वाघ हिला वाचायला दिली. ऋतुजा आमच्याच ओळीतली, काकांची भिंतीला भिंत लागून शेजारीण. तेवीसच्या तेवीस पुस्तकांचे गुडघे तोंडपाठ असलेली.

तिनं वाचून कागद परत दिले. "छान आहे बाई. पण खरं नाही."

"मग खरं काय?"

"ती घाबरते, बाई. प्रत्येक गोष्टीत घाबरते. आणि पूर्ण पुस्तकभर तिला कुणी 'घाबरू नकोस' म्हणत नाही. आम्हाला सकाळपासून सगळे तेच सांगतात. पेपरला घाबरू नकोस, इंटरव्ह्यूला घाबरू नकोस, रस्त्यात मागे येणाऱ्याला घाबरू नकोस. मग भीती वाटते हे सांगायचं कुणाला?"

तिच्या शेजारी उभा असलेला एक मुलगा म्हणाला, "आणि बाई, मोबाइलमधले सगळे हिरो उडतात. आमची बस चुकली तर आम्हाला चालायला लागतं."

मी ती चार पानं फाडली. वार्षिकांकात त्या जागी स्वच्छतेवर निबंध गेला.

बारावी झाली आणि ऋतुजा कामाला लागली. वडील टेंपोवर, आठवड्यातून दोनदा घरी. आई सविता एका कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटते. पाठीमागे दोन लहान भावंडं. महामार्गाच्या पलीकडच्या एका केमिकल कंपनीत तिला ट्रेनी म्हणून घेतलं. काम सोपं. दुसऱ्या मजल्यावर उभं राहायचं, दर अर्ध्या तासानं पंपावरचे काटे बघायचे आणि आकडे रजिस्टरमध्ये लिहायचे. गणवेश मिळाला, डोक्याला पिवळं हेल्मेट मिळालं. सवितानं ओळीत पेढे वाटले. काकांनी पेढा घेतला आणि विचारलं, "जिने किती हायत?"

"काय?"

"दुसऱ्या मजल्यावरनं खाली यायला जिने किती?"

"एक," ऋतुजा म्हणाली. काकांनी पेढा तोंडात न टाकता खिशात ठेवला.

पावसाळा संपता संपता, एका रविवारी सकाळी, ऋतुजा काकांकडे आली. मी तेव्हा काकांच्या उंबऱ्याबाहेर बसले होते. पुस्तक मिळत नसलं तरी उंबऱ्याबाहेर बसायची परवानगी मला एव्हाना मिळाली होती. तिनं पुस्तक मागितलं नाही. भिंतीशी बसली आणि म्हणाली, "काका, पंपाचा आवाज बदललाय."

"कसा?"

"आधी एकसारखा होता. आता मधेच अडखळतो. आणि प्रेशरचा काटा लाल रेघेच्या आतच असतो, पण थरथरतो. पूर्वी थरथरत नव्हता. दुपारी डोळे चुरचुरतात."

"दम लागल्यासारखा आवाज? चढण चढताना माणसाला लागतो तसा?"

"हो. अगदी तसाच."

काकांनी स्क्रूड्रायव्हर खिशातून काढला आणि हातात नुसता फिरवत बसले. "सांगितलंस कुणाला?"

"सुपरवायझरला. तो हसला. म्हणाला, नव्या पोरी घाबरतात, सवय होईल. मग मी रजिस्टरमध्ये लिहिलं, आवाज बदलला आहे. तर म्हणाला, रीडिंग लिही, कविता लिहू नको. काका, मला उद्या जायची भीती वाटते. आई म्हणते, जा. मला कळत नाही, माझं चुकतंय का."

काकांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. तिला काहीतरी रागावून बोलतील असं मला वाटलं. पण ते इतक्या हळू बोलले की मला पुढे वाकावं लागलं. "भ्या वाटतं ना? मंग जायचं नाय वर. मी येतो उद्या संगती."

सोमवारी सकाळी ओळीत तमाशा झाला. काका इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करून बाहेर उभे. सविता दारातून ओरडत होती, "काका, तुमचं काय जातंय? तुमाला ना बायको, ना पोर! माझं घर कशावर चालवू मी? पोरीच्या डोक्यात कायबाय भरवू नका!" काकांनी तिला एका शब्दानंही उत्तर दिलं नाही. मी शाळेला अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि काका आणि ऋतुजासोबत रिक्षात बसले. म्हातारा एकटा गेला तर कुणाच्या तरी अंगावर जाईल, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मलाही भीती वाटत होती आणि ते कुणाला सांगता येत नव्हतं.

कंपनीच्या गेटवर वॉचमननं आम्हाला अडवलं. अर्ध्या तासानं सुपरवायझर बाहेर आला. तिशीचा, नीटनेटका, चांगल्या घरातला वाटणारा मुलगा. त्यानं नमस्कारही केला.

"बाबा, आपण कोण?"

"फिटर."

"मुलीचे कोण?"

"शेजारी. तो पंप उघडा. सील गेलंय त्याचं. आणि वरचा व्हॉल्व्ह बघून घ्या."

"बाबा, सगळं तपासलेलं आहे. वरच्या साहेबांची सही आहे."

"मंग तू उभा राहा तिथं. आजच्या पाळीला. हिच्या जागी. साहेबालाबी बोलव. मी हितं बसतो."

तो हसला. ऋतुजाकडे वळून समजुतीच्या सुरात म्हणाला, "चल गं. उगाच काय घाबरायचं? घाबरू नकोस."

काका ताडकन पुढे सरकले. मी त्यांचा दंड धरला. पण त्यांच्या आधी ऋतुजाच बोलली. तिच्या सलवारीचा खालचा काठ हलत होता. वारा नव्हता. आवाज फाटला होता.

"सर, मला भीती वाटते. मी खाली पॅकिंगला काम करीन. काही सांगा, करीन. पण कुणी तो पंप उघडून बघत नाही तोवर मी वर जाणार नाही. आणि दुसऱ्या कुणाला पण पाठवू नका."

त्यानं घड्याळ बघितलं. मग म्हणाला, "ठीक आहे. उद्यापासून येऊ नकोस." तिनं गळ्यातलं ओळखपत्र काढलं आणि त्याच्या हातात दिलं. हेल्मेट वॉचमनच्या टेबलावर ठेवलं. इतकंच झालं. गोष्टीत असतं तसं कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शेजारून कामावर जाणाऱ्या मुली मान खाली घालून आत शिरल्या.

गेटसमोर चहाची टपरी होती. ऋतुजा जरा दूर जाऊन आईला फोन लावत होती. काका बाकावर बसले. चहा आला, पण त्यांनी घेतला नाही. समोरच्या गेटकडे बघत बोलायला लागले. माझ्याशीच बोलत होते असं नाही.

"माझी मंगल. एकोणीस वर्सांची व्हती. मीच चिकटवली तिला आमच्या कंपनीत, पॅकिंगला. आठ-दहा दिवस म्हणत व्हती, बाबा, बाजूच्या शेडमधनं वास येतो, मला भ्या वाटतं. मी म्हणायचो, घाबरू नको. मी फिटर हाय, मला कळतं, घाबरू नको. सगळ्या कंपनीच्या मशीनी मी कान लावून ऐकायचो, बाई. ही घरात बोलत व्हती, ते ऐकलं नाय."

मी त्यांचा चहा त्यांच्याकडे सरकवला.

"त्या दिवशी माझी दुपारची पाळी व्हती. ती सकाळी गेली, तर डबा घरीच विसरली. मी मागनं धावत गेलो. पार फाट्यापर्यंत. म्हणलं, उपाशी राहील. डबा हातात दिला आन म्हणलं, जा, उशीर व्हतोय. दहा वाजता शेड उडाली. तिची आई त्याच्यानंतर दोन वर्सं जगली. एकदाबी मला कायच बोलली नाय. बोलली असती तर बरं झालं असतं."

"ती पुस्तकं," मी विचारलं, "रद्दीतली नाहीत ना?"

"नाय. तिची हायत. कपाटात पडून व्हती. पंधरा वर्सं मी हात लावला नाय. एकदा पावसात कपाट गळायला लागलं, म्हणून वाळवायला बाहेर काढली. तवा पहिल्यांदा उघडून वाचली. तवा कळलं, पोरगी काय वाचत व्हती." चहावर साय धरली होती. ती त्यांनी बोटानं बाजूला केली. "मंग म्हणलं, कपाटात कशाला ठेवायची."

पुढे काय झालं ते सांगते. काहीच झालं नाही. कंपनी आजही उभी आहे. धूर सोडते, पाळ्या बदलतात, बसेस येतात जातात. तो पंप कुणी उघडला का, व्हॉल्व्ह बदलला का, आम्हाला कधी कळलं नाही. ओळीतले लोक काकांना चिडवायला लागले. "काय काका, अजून उभीच हाय की तुमची कंपनी!" काका मिक्सरचं झाकण पुसत म्हणायचे, "उभीच राहू दे. आत माणसं हायत."

सवितानं काकांशी बोलणं टाकलं. पाच महिने. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. घरात दोन घास कमी झाले ते तिलाच दिसत होते. ऋतुजाला खालापूरला कापडाच्या दुकानात काम मिळालं, पण पहिल्यापेक्षा कमी पगाराचं. दिवसभर उभं राहून साड्या उलगडायच्या आणि घड्या घालायच्या. एकदा मी तिला विचारलं, पस्तावतेस का? ती म्हणाली, "कधीकधी. महिन्याच्या शेवटी. पण झोप लागते, बाई."

त्या सोमवारनंतर काकांनी एक नवीच सवय लावून घेतली. संध्याकाळी सात वाजायच्या सुमाराला दाराबाहेर येऊन उभे राहायचे. ऋतुजा रिक्षातून उतरून ओळीत शिरली की विचारायचे, "आलीस?" ती म्हणायची, "आले." मग आत जाऊन दार लावून घ्यायचे. यापलीकडे एक शब्द नाही.

फाल्गुनातली गोष्ट. सात वाजले, सव्वासात झाले, ऋतुजा आली नाही. काका दारात उभे. साडेसात झाले. ते ओळीच्या टोकापर्यंत गेले, परत आले. पुन्हा गेले. मी विचारायला बाहेर पडणार, तेवढ्यात शेजारचं दार उघडलं आणि सविता बाहेर आली. पदराला हात पुसत, काकांकडे न बघता, समोरच्या भिंतीला सांगावं तशी म्हणाली, "फोन आला व्हता तिचा. हायवेला टँकर आडवा झालाय. ती बरी हाय. चालत येतेय."

"बरं," काका म्हणाले. पण आत गेले नाहीत. सविताही गेली नाही. दोघं दोन दारांच्या मधे, एकमेकांपासून चार हातांवर उभे राहिले.

पावणेआठला ऋतुजा दिसली, चपला हातात घेऊन. काका दोन पावलं पुढे आले. सवितानंच विचारलं, "आलीस?"

"आले."

काका मान हलवून आत गेले. दार लागलं. सविता माझ्याजवळ आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "बाई, ही आल्याशिवाय म्हातारा जेवत नाय. भिंतीपलीकडं ताट वाजतं ते हिचा आवाज ऐकल्यावरच. पाच महिने ऐकते मी. एक दिवस चुकलेलं नाय." मग म्हणाली, "सुकटीचं कालवण केलंय. बोलवाल का त्यांना आमच्याकडं?"

"मी कशाला? तू बोलव."

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, काकांच्या दारापुढे गेली आणि कडी वाजवली.